जून दरवर्षी येतो, तरी तो अचानक का वाटतो?

पत्र (थोडक्यात) :
ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. घर सासऱ्यांचं आहे, त्यामुळे भाडं नाही. हे अंबडला एका कंपनीत आहेत, हातात ३४,५०० रुपये येतात. मी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते, त्याचे सरासरी ५,५०० होतात. मुलगा नववीत, मुलगी पाचवीत, सासूबाई ७२ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या ऑपरेशनला माझ्या पाटल्या बँकेत ठेवल्या, १,२०,०००, १० टक्क्यांनी. दरवर्षी १२,००० व्याज भरून नूतनीकरण करतो. पर्सनल लोनचे १,१२,००० राहिलेत, हप्ता ५,४२०. क्रेडिट कार्डावर ९२,००० आहेत, महिन्याला ४,६०० मिनिमम भरतो. ह्या जूनची फीसुद्धा त्यावरच भरली. मोबाइलचे २,१५० चे चार हप्ते राहिलेत. बचत गटाचे १४,००० आहेत, महिना १,२००. किराणा दुकानदाराचे ६,४००. शिवाय भिशी आहे, बारा बायकांची, महिना २,०००, माझा नंबर अजून लागलेला नाही. दोन गोष्टी ह्यांना माहीत नाहीत. भावाकडून ५०,००० हातउसने घेतलेत, वर्ष झालं, माहेरी जायला तोंड राहिलेलं नाही. आणि मोबाइलच्या दोन ॲपवरून कर्ज घेतलंय, १८,००० बाकी आहे. एकाचं काढून दुसऱ्याचं भरते, महिन्याचे ६,५०० त्यातच जातात. परवा वसुलीवाल्याचा फोन माझ्या जावेला गेला. मी चहा सोडला, मुलीच्या वाढदिवसाला केक आणला नाही, तरी भागत नाही. आता एक एजंट म्हणतो की सगळं मिळून चार लाखांचं एकच कर्ज करून देतो, १८ टक्के, पाच वर्षं, हप्ता १०,१५७, प्रोसेसिंगचे १२,००० कापून. ह्यांच्या कंपनीत पतसंस्था आहे, व्याज १२ टक्के, पण तिथे मागितलं की सगळ्यांना कळतं म्हणून हे नको म्हणतात. एजंटचं कर्ज घ्यावं का? – नाव छापू नये, सिडको, नाशिक

उत्तर :

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण एजंट तुम्हाला विचार करायला वेळ देणार नाही. हे कर्ज घेऊ नका. सही झाली नसेल तर त्याला आजच नाही म्हणून कळवा.

आता का, ते सांगते. १०,१५७ चे साठ हप्ते म्हणजे ६,०९,४२०. चार लाखांवर दोन लाखांहून जास्त व्याज, आणि हातात पूर्ण चार लाख येणारही नाहीत. पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. ह्या चार लाखांत तुमच्या पाटल्यांचं १० टक्क्यांचं कर्ज १८ टक्क्यांचं होतं. भावाचे बिनव्याजी पन्नास हजारही १८ टक्क्यांचे होतात. स्वस्त कर्ज फेडायला कुणी महाग कर्ज काढतं का? तुमच्याकडे महाग अशी दोनच कर्जं आहेत, कार्ड आणि ॲप. इलाज त्या दोघांचा करायचा, बाकीच्यांना सध्या हात लावायचा नाही.

तुम्ही पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की सगळं मिळून 'तीन-साडेतीन लाख असेल'. मी तुमचेच आकडे मांडून बेरीज केली. ४,२१,००० होतात. मी बावीस वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरला बसले. कर्जाखाली आलेलं माणूस स्वतःचा आकडा कमीच सांगतं, असा माझा अनुभव आहे. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, तर एकेक कर्ज वेगवेगळ्या पिशवीत ठेवलेलं असतं म्हणून. एक बाई खरोखर प्लास्टिकच्या पिशवीत सात पासबुकं घेऊन यायच्या आणि ज्या दिवशी जे लागेल तेवढंच काढायच्या. सातही एकदम टेबलावर मांडायला त्यांना दोन महिने लागले. तुम्ही ते एका पत्रात केलंत. हे सोपं नव्हतं, मला ठाऊक आहे.

आता दर महिन्याचं बघा. कार्ड, पर्सनल लोन, मोबाइल, गट आणि ॲप मिळून १९,८७०. वर भिशीचे २,०००. येतात चाळीस, त्यातले जवळपास बावीस हजार पगाराच्या आठवड्यातच जातात. उरलेल्या अठरा हजारांत पाच माणसांचं जेवण, वीज, गॅस, सासूबाईंच्या गोळ्या. ताई, तुमच्या पत्रात मला उधळपट्टी कुठेच दिसली नाही. चहा सोडून हे कर्ज फिटणार नाही. चहा प्या, आणि मुलीला केक आणा.

मग हे झालं कसं? तुम्ही लिहिता, 'एकामागून एक अचानक खर्च आले.' सासूबाईंचं ऑपरेशन अचानक आलं, ते मान्य. बाकीचे खर्च मी तुमच्याच पत्रातून वेचून काढलेत. जूनमध्ये दोघांची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, २२,०००. गौरी-गणपती ६,०००. दिवाळी १५,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००. पाटल्यांचं व्याज १२,०००. सासूबाईंच्या तपासण्या ८,०००. एलआयसीचा हप्ता १४,०००. लग्नसराईतले आहेर आणि जाण्या-येण्याचा खर्च ८,०००. बेरीज ९०,०००. यातला एकही खर्च अचानक नाही. जून दरवर्षी येतो, गणपती दरवर्षी येतात. पण तुम्ही महिन्याचा हिशेब ठेवता आणि हे खर्च महिन्याच्या वहीत नसतात, म्हणून ते दर वेळी दारात येऊन उभे राहतात आणि कार्ड बाहेर निघतं. दिवाळीचा २५,००० बोनस वजा केला तरी वर्षाला ६५,००० उरतात. बाराने भागा, महिन्याला सुमारे ५,४००. हा तुमच्या घरातला खरा खड्डा आहे. कार्ड, ॲप, भावाचे पैसे, सगळे त्यातच गेलेत. हा खड्डा तसाच ठेवून कितीही कर्ज फेडलंत तरी पुढच्या जूनला पुन्हा तिथेच याल. एजंटचं कर्ज घेऊन कार्ड रिकामं केलंत तर हे आणखी लवकर होईल, कारण रिकामं कार्ड पाकिटात असेल.

कार्डाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मिनिमम भरलं म्हणजे हप्ता भरला असंच बहुतेकांना वाटतं. तुमच्या स्टेटमेंटच्या मागच्या पानावर महिना साडेतीन टक्के लिहिलंय, म्हणजे आपल्या भाषेत शेकडा साडेतीन, वर्षाला ४२. ९२,००० वर महिन्याचं व्याज ३,२२०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५८०. झाले ३,८००. तुम्ही भरता ४,६००. मुद्दलातून गेले फक्त ८००. शिवाय मागची बाकी राहिली असताना कार्डावर काहीही नवीन घेतलं तर त्याला ती पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. जूनची फी तुम्ही शेकडा साडेतीननं भरलीत, ताई. सावकाराकडून ह्या दराने घ्यायला तुमच्या सासूबाई कधीच तयार झाल्या नसत्या.

आता पतसंस्थेकडे येते. कार्डाचे ९२,००० पतसंस्थेतून १२ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता बसतो सुमारे ४,३३०. म्हणजे आज तुम्ही नुसतं मिनिमम भरता त्यापेक्षा कमी, आणि चोविसाव्या महिन्यात विषय संपतो. पहिल्या महिन्याचं व्याज ९२०. कार्डाचं ३,८००. मधला फरक महिन्याला २,८८०. 'सगळ्यांना कळेल' ह्या भीतीपोटी तुमच्या घरातून दर महिन्याला एवढे पैसे जातायत, हे तुमच्या मिस्टरांना ह्याच आकड्यांत दाखवा. आणि मी काउंटरच्या आत बसलेली आहे, म्हणून सांगते. पगारदार पतसंस्थेत कर्ज नसलेला सभासद शोधावा लागतो. ज्यांची त्यांना भीती वाटते त्यातल्या निम्म्यांचे हप्ते त्याच पगारपत्रकात कापले जात असतील.

फक्त एक अट आहे. दोन जामीनदार लागतील, आणि ज्याला जामीन मागाल तो उद्या तुमच्याकडे जामीन मागेल. मिस्टरांनी जामीन राहावं, पण एकालाच, आणि त्याचा हप्ता नियमित आहे हे बघून. माझे वडील एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते. त्याने हप्ते थकवले आणि वसुली वडिलांच्या पगारातून झाली, चार वर्षं. आईला हे त्यांनी सांगितलंच नाही. पगाराचं पाकीट हलकं का झालं हे तिला कळेना, ती स्वतःलाच दोष देत राहिली की आपल्याला संसार करता येत नाही. कळलं तेव्हा ती पैशासाठी रडली नाही. 'चार वर्षं मी एकटीच का हिशेब करत बसले,' असं म्हणून रडली.

म्हणून हे मिस्टरांना सांगा, भावाचंही आणि ॲपचंही. फोन जावेपर्यंत गेलाय, म्हणजे ते त्यांना कळणारच आहे. फरक एवढाच की तुमच्या तोंडून कळेल की त्यांच्या भावाच्या. ते दुसऱ्या पाळीवरून दमून आले असताना नको. सुटीच्या दिवशी, मुलं खेळायला गेल्यावर, सगळे कागद पलंगावर मांडून. सुरुवात माफीने करू नका, बेरजेने करा. 'आपल्यावर ४,२१,००० आहेत, त्यातले ६८,००० तुम्हाला माहीत नाहीत, आणि ते घरातच गेलेत,' एवढं एका दमात सांगून टाका. राग येईल. येऊ द्या. तुम्ही ते पैसे फी, किराणा आणि गोळ्या यांवर घातलेत, दागिन्यांवर नाही, हे वहीत दिसतंय.

ॲपचं आधी संपवू या. भिशीचे पुरे २४,००० तुमचे यायचे आहेत आणि तुम्ही ॲपचं कर्ज काढून भिशी भरताय. कर्ज काढून बचत करताय, ताई! ह्या महिन्यात जिची चिठ्ठी निघेल तिला विनंती करा की नंबर बदलून द्या, माझी अडचण आहे. भिशीतल्या बायका अशा वेळी नाही म्हणत नाहीत, आणि कारण खोलात सांगायची गरजही नसते. ते २४,००० आले की १८,००० दोन्ही ॲपना आणि उरलेले किराणा दुकानदाराला, वर फक्त ४०० घालावे लागतील. ॲपकडून कर्ज बंद झाल्याचं पत्र म्हणजे एनओसी मागून घ्या, ते आल्याशिवाय ॲप काढून टाकू नका. किराणा यापुढे आठवड्याचा, रोखीने.

जावेला फोन करायचा त्यांना अधिकार नव्हता. तुमच्या मोबाइलमधले नंबर चाळणं कर्ज देणाऱ्या ॲपला रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून बंद केलंय. वसुलीसाठी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि तुमच्या नातेवाइकांसमोर तुमची अब्रू काढणं तर मुळीच चालत नाही. जावेकडून त्या नंबरचा आणि वेळेचा स्क्रीनशॉट मागून घ्या. त्या ॲपमागे कोणती बँक किंवा फायनान्स कंपनी आहे ते करारावर असतं, तिच्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा मदत क्रमांक १४४४८, मराठीतही बोलतात. आणि मागे अशी कुठलीच नोंदणीकृत कंपनी सापडली नाही, किंवा फोटो बदलून पाठवायच्या धमक्या आल्या, तर तो सायबर गुन्हा आहे. १९३० ला फोन करा, अंबड पोलीस ठाण्यात जा. घाबरून जास्तीचे पैसे देऊ नका.

ॲप संपली की महिन्याचे ६,५०० मोकळे होतात. इथे माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे. कुणीही तुम्हाला सांगेल की हे सगळे पैसे कर्जात घाला. मी सांगते, त्यातले ५,४०० आधी त्या खड्ड्यात घाला, म्हणजे पुढच्या वर्षीच्या जून, गणपती आणि दिवाळीसाठी. व्याजाचं गणित बघितलं तर हे थोडं महाग पडतं, हे मला कळतं. पण हे केलं नाहीत तर गणपतीला पुन्हा ॲप उघडाल, आणि ते किती महाग पडतं ते तुम्ही भोगलंय. ह्यासाठी बँकेत एक वेगळं बचत खातं काढा. त्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्ड घेतलंत तर ते कपाटात राहू द्या. पगार सातला होतो ना, मग आठला आपोआप ५,४०० तिकडे जातील अशी सूचना बँकेला द्या. पोस्टाची आरडी ह्या कामाला घेऊ नका, ती पाच वर्षांची असते आणि तुम्हाला पैसे दर दोन-तीन महिन्यांनी लागणार आहेत. पहिल्या वर्षी गणपती आणि दिवाळी जवळ असल्याने खातं भरायच्या आतच उपसावं लागेल. तेव्हा ह्या वर्षी दिवाळी बोनसमध्येच बसवा. बोनसमधून उरलेले दहा हजार त्याच खात्यात टाका.

नवा हिशेब असा बसतो. पर्सनल लोन ५,४२०, पतसंस्था ४,३३०, गट १,२००, मोबाइल २,१५०, भिशी २,०००, वर्षाच्या खर्चाचे ५,४००. एकूण २०,५००. आजच्यापेक्षा तेराशे-चौदाशे कमी, आणि यात पुढचा जून धरलेला आहे. भिशी संपली की नवी लावू नका, ते २,००० पाटल्यांच्या मुद्दलात भरत जा. सोनेतारणावर मध्येच थोडं-थोडं मुद्दल भरता येतं का हे शाखेत विचारा. बहुतेक ठिकाणी येतं, आपण विचारत नाही.

पतसंस्थेने नाहीच म्हटलं तर? तुमच्या पाटल्या दोन वर्षांपूर्वीच्या भावाने ठेवल्यात. सोनं तेव्हापासून खूप वर गेलंय. त्याच पाटल्यांवर आज जास्त रक्कम मिळू शकते, बँकेत नूतनीकरणाच्या वेळी वाढीव मूल्यांकन करून मागा. १० टक्क्यांच्या त्या पैशाने कार्ड बंद करायचं. पण हा दुसरा पर्याय आहे, पहिला नव्हे. हप्ता थकला तर पगार कापला जाणं एक आणि पाटल्या लिलावात जाणं एक.

कार्डाची बाकी शून्य झाली की कार्ड कात्रीने कापून भागत नाही. बँकेला ईमेलने बंद करायला सांगा. बाकी नसेल तर त्यांनी सात कामाच्या दिवसांत बंद करायचं असा नियम आहे, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड त्यांना तुम्हाला द्यावा लागतो. बंद झाल्याचं उत्तर जपून ठेवा. मधल्या काळात कुणी 'निम्म्यात सेटलमेंट करून देतो' म्हणून फोन करेल. तुम्ही पूर्ण फेडू शकता, तर त्यात पडू नका. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा लागला की पुढे मुलाच्या शिक्षणाचं कर्ज मागाल तेव्हा तो आडवा येतो.

सासूबाईंसाठी एक काम ह्याच आठवड्यात करा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. २०२४ च्या ऑक्टोबरपासून हे सुरू आहे. आधार घेऊन जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात भरती करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा की हे रुग्णालय योजनेत आहे का, हा आजार बसतो का. तुमच्या पाटल्या ज्या कारणाने गेल्या ते कारण परत येऊ शकतं, आणि तेव्हा कार्ड तयार असावं.

राहिला भाऊ. वर्षभर तुम्ही त्याचा फोन घ्यायला कचरता, राखीला टपालाने राखी पाठवलीत, असं लिहिलंय. त्याने पैसे मागितल्याचं मात्र पत्रात कुठेच नाही. ताई, त्याला बहुधा पैशाची नाही, तुमची काळजी लागलीय. मिस्टरांशी बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी त्याला फोन करा आणि तारीख सांगा. मोबाइलचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरमध्ये संपतो. नोव्हेंबरपासून त्या २,१५० मधले २,००० त्याचे, पंचवीस महिने. नुसतं 'देते रे लवकरच' म्हणू नका, पंचवीस महिने असंच सांगा. ह्या वर्षी भाऊबीज नोव्हेंबरमध्येच आहे. चौघं मिळून माहेरी जा, सासूबाईंना बरं असेल तर त्यांनाही न्या, आणि ओवाळून झालं की पहिले दोन हजार पाकिटात घालून त्याच्या हातात ठेवा.